सामाईक बांध

गेल्या पावसाळ्यात उजव्या मनगटाने साथ सोडली आणि माउस धरून रात्री उशिरापर्यंत जमीन घडविण्याचा माझा जुना शिरस्ता मोडला, तेव्हा ज्या प्रश्नाला मी इतकी वर्षे शिताफीने बगल देत आलो होतो त्याचे उत्तर देणे मला भाग पडले : खेळांत खेळाडूंनी स्वतः घातलेल्या भरीचे, म्हणजे मॉडचे, काम हे एकट्याचे की अनेकांचे? मी घरे उभारीत नाही, पात्रांना संवाद देत नाही, कथानके रचीत नाही. मी केवळ भूमी घडवितो. 2002 साली बेथेस्डाचा ‘मॉरोविंड’ हा खेळ निघाला तो आपले कन्स्ट्रक्शन सेट हे साधन बरोबर घेऊनच निघाला, आणि सरकारी भूमापन खात्यात दिवसभर इतरांच्या जमिनींच्या हद्दी कायम करून घरी परतणाऱ्या मला, जिच्यावर कोणाचा दावा नाही आणि जिचा सातबारा कोणाच्याही नावे नाही अशी जमीन स्वतःच्या हाताने उचलता, दाबता, उतरविता येऊ लागली. तेव्हापासून मला दुसरा छंद उरला नाही.

ज्यांनी हे काम केले आहे त्यांना उंची, पोत आणि सेल यांविषयी काही सांगावयास नको. मला बोलावयाचे आहे ते फक्त कडेविषयी, कारण गेली कित्येक वर्षे माझ्या मनात तिच्याखेरीज दुसरे काही नाही. बाहेरच्या भूमीची प्रत्येक सेल 8192 एककांची चौरस असते आणि तिच्यात उंचीचे 65 गुणिले 65 बिंदू असतात. अंतरे 64 आणि बिंदू 65, म्हणजे एका सेलची शेवटची ओळ हीच शेजारच्या सेलची पहिली ओळ, आणि ती एकच ओळ दोन्ही सेलींच्या नोंदींत स्वतंत्रपणे लिहिलेली असते. शिवाय सेलच्या आरंभबिंदूवाचून अन्य कोणत्याही बिंदूची उंची स्वयंभू नसते; अलीकडच्या बिंदूपासून किती चढ आणि किती उतार, एवढाच फरक आठ-आठ एककांच्या पायऱ्यांनी मांडलेला असतो. माणूस एकटा काम करीत असतो तोवर या रचनेचा त्याला पत्ताही लागत नाही, कारण कडेवर फिरणारा त्याचा हात दोन्ही नोंदी एकदमच बदलीत जातो. परंतु दोन माणसे दोन प्लगइनांत शेजारशेजारच्या सेली घडवू लागली, की कडेला हात लावणारा प्रत्येक जण शेजाऱ्याच्या सेलची नोंद नकळत आपल्या दप्तरात ओढून घेतो, आणि खेळ जे दप्तर शेवटी वाचतो त्याचाच शब्द प्रमाण मानतो. मूळ मॉरोविंडमध्ये तो क्रम फाइलींच्या तारखांवरून लागतो. ज्याने शेवटी जतन केले त्याची जमीन खरी. दुसऱ्याच्या वाट्याला येते ती जमिनीतली उभी फट, जिच्यातून पाहिले असता खाली काहीच नसल्याचे दिसते.

ही फट बुजविणे अवघड नाही. कोणाची ओळ कायम ठेवायची याचा निर्णय झाला, की दुसऱ्या बाजूचे बिंदू तिला जुळवून घेता येतात. अवघड आहे ते यापुढचे. बिंदूला बिंदू मिळाला, आकडे तंतोतंत जुळले, तरी चालत जाणाऱ्याला इथे माणूस बदलला हे कळतेच. एका हाताला उतार सावकाश सोडण्याची सवय असते, दुसऱ्याला तो एकदम तोडण्याची. एक जण ओढ्याला डोंगराच्या कलाने वळू देतो, दुसरा वाट सोयीची व्हावी म्हणून ओढाच बाजूला सारतो. मी कडेच्या दोन्ही अंगांना पाच-पाच बिंदू मृदू करून पाहिले, दहा-दहा करून पाहिले. पोतांची सरमिसळ केली, मध्ये झाडी घातली, खडक टाकले. झाडीने डोळा फसतो, पाय फसत नाही. खडकांची रांग सेलच्या रेषेवरूनच जात आहे हे माझ्यासारख्या माणसाला दुरूनही ओळखू येते. उतार हा निव्वळ उंचीचा हिशेब नव्हे. पाणी कोठून आले आणि कोठे जाणार याविषयी घडविणाऱ्याने मनाशी बाळगलेली ती एक समजूत असते, आणि दोन समजुतींची सरासरी काढली म्हणजे तिसरी समजूत निर्माण होत नाही.

म्हणूनच एकट्याने काम करणाऱ्यांविषयी मला पहिल्यापासून आदर, आणि खरे सांगायचे तर मत्सरही, वाटत आला आहे. मॉरोविंडच्याच मालिकेतल्या ‘स्कायरिम’साठी 2013 साली ‘फॉल्सकार’ नावाचा एक संपूर्ण नवा प्रदेश निघाला. तो घडविणारा अलेक्झांडर वेलिकी तेव्हा जेमतेम 19 वर्षांचा होता आणि त्याने त्यासाठी सुमारे 2000 तास वेचले होते. 2015 सालची ‘द फरगॉटन सिटी’ ही निक पिअर्स या ऑस्ट्रेलियन वकिलाची मॉड. तिच्या संहितेला पुढच्याच वर्षी त्या देशाच्या लेखकसंघाचे पारितोषिक मिळाले. दोन्हींतले आवाज अनेकांचे आहेत, पण एका बुद्धीने आरंभापासून शेवटापर्यंत धरून ठेवलेला सूर त्यांत ऐकू येतो, आणि तो सूर समित्यांच्या हाती लागत नाही असे माझे ठाम मत होते.

पण याच मताला आव्हान देणारे उदाहरण माझ्या स्वतःच्या खेळात आहे. ‘टॅमरिएल रीबिल्ट’ हे कार्य मॉरोविंड बाजारात येण्यापूर्वीच सुरू झाले आणि आजतागायत चालू आहे. खेळात केवळ व्हार्डेनफेल हे बेट दिले होते, त्यापलीकडची मुख्यभूमी घडवावी हा त्याचा संकल्प. तेथे नकाशाचे तुकडे पाडून ते क्लेम म्हणून एकेकाच्या नावे केले जातात. काम पुरे झाले म्हणजे दुसरा कोणी ते तपासतो, त्रुटी काढतो, आणि मंजुरी मिळाल्यावरच तो तुकडा मुख्य फाइलीत विलीन होतो. जमीन एकाची, घरांचे अंतर्भाग दुसऱ्याचे, पात्रे आणि कथा तिसऱ्याची. आरंभीचे पुष्कळ लोक केव्हाच निघून गेले, त्यांच्या जागी नवे आले, आणि जुन्या लोकांनी घडविलेले प्रदेशही पुन्हा घडविले गेले. त्या मुख्यभूमीवर चालताना मी हद्दी शोधीत गेलो. काही सापडल्या. पुष्कळ ठिकाणी मात्र त्या सापडल्या नाहीत, आणि त्या न सापडल्याचे दुःख मला झाले हे मी लपवीत नाही. आपल्याला जे साधले नाही ते अनोळखी माणसांच्या एका सैल समुदायाला साधावे, हे पचविण्याइतके मोठे मन माझ्यापाशी नव्हते.

आज या क्षेत्रात जे चालले आहे त्याविषयीही मला बोलले पाहिजे. गणिती सूत्रांनी डोंगर उपजवून त्यांवर सरसकट जंगल पेरणारे लोक आता पुष्कळ झाले आहेत. त्यांच्या भूमीत फट नसते, कारण तिच्यात कोणाचा हातच नसतो, आणि जिथे हात नाही तिथे चालण्याजोगी वाटही क्वचितच असते. दुसरीकडे, शेकडो मॉडी एका यादीत बांधून त्या एकगठ्ठा उतरवून घेण्याची रीत रूढ झाली आहे, आणि त्या घेणाऱ्याला आपण कोणाच्या डोंगरावरून चाललो आहोत याची विचारपूस करावीशी वाटत नाही. अशा संचांची व्यवस्था टिकावी म्हणून 2021 साली नेक्सस मॉड्स या संकेतस्थळाने कर्त्यांची आपली मॉड कायमची पुसून टाकण्याची मुभा काढून घेतली, तेव्हा अनेकांनी मुदत संपण्याआधीच आपले काम मागे घेतले. मी त्यांना दोष देत नाही. त्याआधी 2015 च्या एप्रिलमध्ये स्कायरिमच्या मॉडी पैसे घेऊन विकण्याचा प्रयोग झाला. कर्त्याचा वाटा शेकडा 25 होता, आणि दुसऱ्याच्या कामावर उभी असलेली मॉड विकण्याचा अधिकार कोणाला, या एका प्रश्नावर इतके रण माजले की काही दिवसांतच तो व्यवहार रद्द करावा लागला. मला त्या प्रसंगातून दिसले ते असे, की आपण ज्यांना एकट्याची कामे म्हणत होतो त्यांतली बहुतेक एकट्याची नव्हतीच. पैशाची वाटणी करण्याची वेळ आली तेव्हा प्रत्येक घराला दहा-दहा सामाईक भिंती निघाल्या.

आता, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मला जिच्यामुळे शोधावे लागले त्या मुलीविषयी. ती सांगलीकडची, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकणारी. आमच्या लहानशा गटात ती आली तेव्हा माझे मनगट दुखू लागले होते, आणि माझ्या अपुऱ्या राहिलेल्या खोऱ्याचा उत्तरेकडचा भाग तिच्याकडे सोपविण्यावाचून मला गत्यंतर नव्हते. तिने माझी फाइल उघडली, दोन दिवस नुसती त्या खोऱ्यात हिंडली, आणि मग मला म्हणाली, “काका, तुमचे डोंगर हद्दीपर्यंत येतच नाहीत. अलीकडेच थांबतात. प्रत्येक कडेला एकतर नदी आहे, नाहीतर सपाट पट्टा.”

ते खरे होते, आणि ते मला ठाऊक होते. प्रत्येक कडेला मी एक रिकामा पट्टा सोडीत आलो होतो, कारण शेजाऱ्याचा हात जिथे लागणार तिथे माझे काही पणाला लागू नये अशी माझी इच्छा होती. खोऱ्यातून जाणाऱ्याने हे अमक्याचे खोरे असे म्हणावे, त्यात दुसऱ्या कोणाचे काही मिसळू नये, या हव्यासापायी मी नद्या खोदल्या. दप्तरी आयुष्यभर इतरांचे बांधावरचे तंटे मिटविणाऱ्या माणसाला हा हव्यास किती खोलवर असतो हे चांगले माहीत असते. माझ्या ठायी तो अजूनही आहे, आणि हे लिहिताना तो शमला असे म्हणण्याचे धाडस मी करीत नाही.

आम्ही दोघांनी मग वाटणीची रीतच बदलली. ती एका सेलीत आणि मी दुसऱ्या सेलीत असे न करता कडच तेवढी एक स्वतंत्र क्लेम म्हणून घेतली : रेषेच्या अलीकडची अर्धी सेल आणि पलीकडची अर्धी सेल मिळून एक काम, त्याची एकच फाइल, आणि ती फाइल एका वेळी एकाच्याच हाती. डाव्या हाताने मला जेवढे जमते तेवढे मी तिच्या बाजूला करतो. माझ्या बाजूचा डोंगर ती पुढे नेते. पाणी कोठे जाणार हे आधी ठरवायचे, उंची मागाहून. पहिल्या काही खेपांत मी तिचे उतार गुपचूप पूर्ववत करीत असे, आणि ती ते दुसऱ्या दिवशी ओळखीत असे. आता ओढ्याची एक शाखा माझ्या डोंगरातून निघून तिच्या पठारावर उतरते, आणि तिचे वळण आम्हां दोघांपैकी कोणालाही एकट्याने सुचले नसते. मी तिथे उभा राहतो तेव्हा ते मला आवडते, आणि त्याच वेळी त्यात माझे नेमके किती हे मोजावेसेही वाटते.

वॉरक्राफ्ट 3 या खेळातल्या डोटा या मॉडचा इतिहास मला अलीकडे वारंवार आठवतो. यूल या टोपणनावाच्या मूळ कर्त्याने हात काढून घेतल्यावर ते काम नाहीसे झाले नाही. दुसऱ्यांनी ते उचलले, गिन्सूने त्याला नवे रूप दिले, आणि पुढे आइसफ्रॉग या नावाने वावरणाऱ्या माणसाने ते वर्षानुवर्षे सांभाळले. त्या त्या वेळी कारभार जवळजवळ एकहातीच होता. परंतु हात एकामागून एक आले. याउलट, ‘माझ्या परवानगीवाचून कोणी यात फेरफार करू नये’ एवढी ओळ लिहून नाहीसे झालेल्या कर्त्यांच्या किती तरी सुंदर मॉडी आज जशाच्या तशा मोडून पडल्या आहेत, आणि त्यांना हात लावण्याचा अधिकार कोणालाच नाही.

जे एकट्याने काम करतात त्यांनी खुशाल एकट्याने करावे. सूर एकाच कंठातून निघतो यावरचा माझा विश्वास अजून ढळलेला नाही. मात्र त्यांना माझी एक विनंती आहे. मनगट धड आहे तोवरच आपल्या मूळ फाइली कोणा एका माणसाच्या स्वाधीन करा, आपल्यामागे त्यांत फेरफार करण्याची मुभा लेखी देऊन ठेवा, आणि कडेला रिकामा पट्टा सोडू नका.