तुमची पेठ कोणती?

कोल्हापुरात फुटबॉल हा तालमींचा खेळ आहे, हे इंदूर-बडोद्याकडील वाचकांना प्रथम सांगावयास हवे. ज्या तालमींच्या तांबड्या मातीत पैलवान घडले, त्यांचेच संघ येथे चेंडूमागेही धावतात : पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना १९४० सालची. सामने होतात ते राजर्षी शाहू स्टेडियमवर. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ समोरासमोर आल्या, की गॅलरीत तटस्थ माणूस सापडणे कठीण.

आम्ही पडलो निपाणीकर. अंतर सुमारे चाळीस किलोमीटरचे, पण १ नोव्हेंबर १९५६ पासून मध्ये राज्याची सीमा आली. तरी लग्नाचा बस्ता कोल्हापूरचा, दवाखाना कोल्हापूरचा, आणि आमच्या घरी फुटबॉलही कोल्हापूरचाच. थोरले काका तरुणपणी राजाराम महाविद्यालयात शिकत असता शिवाजी पेठेत खोली घेऊन राहत. तेवढ्या भाड्याच्या खोलीवर त्यांनी आयुष्यभराची निष्ठा बांधली आहे. त्यांचा नातू बेळगावात अभियांत्रिकी शिकतो. त्याचे दैवत सुनील छेत्री आणि संघ बेंगळुरूचा. या विषयावर घरात जेवताना बोलू नये, असा आम्हा बायकांचा अलिखित नियम आहे.

गेल्या हंगामात दोघांनाही घेऊन आम्ही सामन्यास गेलो. शेजारच्या गृहस्थांनी सरकून जागा दिली आणि विचारले, "कुठल्या पेठेचं म्हणायचं पाव्हणं?"

"शिवाजी पेठ," काका म्हणाले.

"आम्ही निपाणीचे," नातू त्याच क्षणी म्हणाला. "इथले नाही आम्ही."

काकांनी मैदानावरून दृष्टी काढली नाही. पण पुढे कितीतरी वेळ, त्यांच्या संघाने बार हादरवला तेव्हाही, ते ओरडले नाहीत. मुलगा खोटे बोलला नव्हता, हेच अधिक बोचले असावे. या तालमींकडून आफ्रिकेतून आलेले खेळाडूही खेळले आहेत. पहिल्या गोलाबरोबर ते पेठेचे होऊन जातात. प्रेक्षकाला मात्र गोल करून दाखविण्याची सोय नाही!

मध्यंतरात शेंगा आल्या. गृहस्थांनी नातवाच्या ओंजळीत मूठभर ओतल्या आणि अनिकेत जाधवचा विषय काढला. २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला हा मुलगा कोल्हापूरचा. नातवाने त्याला इंडियन सुपर लीगमध्ये दूरचित्रवाणीवर कित्येकदा पाहिले होते. "तो इकडचा?" म्हणून तो सरसावून बसला, आणि उत्तरार्धात कोणता खेळाडू कोणत्या गल्लीतला, हे विचारून विचारून त्याने त्या भल्या माणसाला भंडावून सोडले. काका ऐकत होते. एकदा गृहस्थांची गल्ली चुकली, ती त्यांनी दुरुस्त केली.

सामना सुटल्यावर नातू पुढच्या सामन्याची तारीख विचारीत मागे रेंगाळला. काका तोवर निपाणीची गाडी गाठण्यासाठी पायऱ्या उतरू लागले होते.