आत्याबाईंची गोधडी

गेल्या पौषात आमच्या पडवीतली चटई दहा दिवस उचललीच नाही. भात झोडून घरात आले होते, पेंढा रचून झाला होता. दुपारची भांडी झाली की आम्ही चौघी बायका तिथे सुई-दोरा घेऊन बसत होतो. मध्ये गोधडी पसरलेली. ही गोधडी अमेरिकेला जाता जाता राहिली. त्याचीच ही हकीकत.

आमचे गाव मुरबाड तालुक्यात. पूर्वी थंडीला आमच्याकडे पांघरुणे दोनच, म्हशाच्या जत्रेतून आणलेली घोंगडी आणि घरी शिवलेली गोधडी. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे, गोधडी शिवण्यात पटाईत होत्या. शेवटची गोधडी त्यांनी पणतवंडासाठी म्हणून काढली. मामंजींच्या सदऱ्याचे, माझ्या लग्नातल्या पातळाचे, मुलांच्या शाळेच्या कपड्यांचे तुकडे जोडून वरचा थर त्यांनी एकटीने पुरा केला. मग मोतीबिंदूने डोळे मंदावले. "सूनबाई, जरा माझ्याजवळ बस, दोघी मिळून धावदोरा घालू," असे त्या म्हणत. मी म्हणे, "आवणी उरकू द्या." आवणी उरकली की म्हणे, "झोडणी होऊ द्या." अशी दोन वर्षे गेली. तिसऱ्या वर्षी आत्याबाई गेल्या. जोडकाम पत्र्याच्या पेटीत तसेच राहिले, सोबत त्यांचे एक मऊसूत लुगडे, आतल्या थरासाठी त्यांनीच काढून ठेवलेले.

गोधडीत तुकडे जोडले म्हणजे काम झाले असे पुष्कळांना वाटते. खरे तर ते निम्मेच काम. वरचा थर, आतले थर आणि खालचे अस्तर यांना एकत्र धरून ठेवतो तो धावदोरा. टाक्यांच्या ओळी दूर दूर पडल्या, तर दोन धुण्यांत आतले कापड गोळा होऊन एका कोपऱ्यात जमते. ओळींची नक्षी दिसते सुरेख, पण ती आधी कामाची आणि मग शोभेची.

माझी थोरली लेक डोंबिवलीला असते. तिला दिवस गेले तेव्हा तिने पणजीची गोधडी मागितली. दिवाळीत मी जोडकाम पिशवीत घालून एसटीने कल्याणला आणि तिथून लोकलने डोंबिवलीला गेले. मला वाटले होते, एखाद्या शिंप्याकडून मशीनवर शिवून घेऊ. पण लेकीने आधीच ठेच खाल्ली होती. दोन वर्षांपूर्वी तिने शहरातल्या एका शिंप्याकडे जुनी गोधडी दिली होती. परत आली तेव्हा तिच्यावर जागोजागी चुण्या पडलेल्या. त्यात शिंप्याच्या हाताचा दोष थोडा, मशीनच्या रीतीचा जास्त. साध्या शिलाई मशीनचे दात खालचे कापड पुढे ढकलतात आणि दाबाखालचे वरचे कापड मागे रेंगाळते. दोन थरांना ते चालते. सहा थर असले की शेवटी वरचे कापड गोळा होते आणि चुणी पडते.

लेकीची जाऊ न्यू जर्सीहून दिवाळीला आली होती. मुलगी मनमोकळी. तिने फोनवर तिकडचे एक यंत्र दाखवले. त्याला लाँगआर्म म्हणतात. एका लांब चौकटीवर रूळ असतात, त्यांवर गोधडीचे थर ताणून गुंडाळतात. कापड जागेवर राहते आणि मशीनचे डोके पट्ट्यांवरून मागेपुढे, डावी-उजवीकडे फिरते. कागदावर काढलेली वेलबुट्टी बाई गिरवत जाते, नाहीतर संगणकच मशीन फिरवतो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लाटा, पाने, पिसे अशी सलग नक्षी उमटते. तिकडे पुष्कळ बायका घरी फक्त तुकडे जोडतात आणि पुढचे काम असे यंत्र असलेल्या बाईला देतात. तिची मजुरी चौरस इंचावर मोजतात.

मी तो फोन तीनदा पाहिला. नवल यंत्राचे वाटलेच, पण दुसरेही एक मनात आले. आपण गोधडी जमिनीवर अंथरतो, ती हलत नाही, आपण तिच्याभोवती सरकत जातो. शिंप्याच्या मशीनने ते उलटे केले, सुई एका जागी आणि कापड पळते. हे मोठे यंत्र पुन्हा आपल्या आज्यांच्या रीतीवर आले आहे. कापड स्थिर, सुई फिरती.

"मावशी, मी घेऊन जाते. चैत्रापर्यंत शिवून पाठवते," जाऊ म्हणाली. माझा जीव हलका झाला. दोन वर्षे टाळलेले काम परस्पर होत होते. पण तिने तिकडच्या ओळखीच्या बाईला विचारले, तेव्हा उत्तर आले की अस्तर आणि आतला थर वरच्या जोडकामापेक्षा चारी बाजूंनी चार-चार इंच मोठे हवेत, म्हणजे चौकटीवर धरता येतात. शिवाय जुने विरलेले लुगडे ताण सोसणार नाही. ते काढून टाका, आम्ही नव्या कापसाचा थर घालू.

तिचे म्हणणे तिच्या परीने बरोबर होते. पण लुगडे काढले तर आत्याबाईंची गोधडी उरली कुठे? मी पिशवी उचलली आणि म्हटले, "झोडणी झाली की मीच शिवते." बोलताना माझेच शब्द मला टोचले.

साताऱ्याकडच्या आमच्या विहीणबाई तिथेच बसल्या होत्या. "मी येते. आमच्याकडे वाकळ म्हणतात, पण टाका तोच," त्या म्हणाल्या. आणि पौषात खरोखरच आल्या. शेजारच्या दोघीही बसू लागल्या.

पहिल्याच दिवशी आमचे दोघींचे जुंपले. मी एका कडेपासून सरळ ओळी घालणार होते. विहीणबाई म्हणाल्या, "कडेकडेने चौकोन घालत आत या." मला पटेना. पण चारी बाजूंना चौघी बसल्या आणि त्यांच्या रीतीचा फायदा दिसला. कुणाला कुणाची वाट पाहावी लागत नाही, आणि चौकोनात चौकोन अशी नक्षी आपोआप उठते. कर्नाटकात उत्तर कन्नडातल्या सिद्दी बायकाही कवंदी अशीच कडेकडून मध्याकडे शिवत नेतात.

ज्या भगिनी यंदा गोधडी काढणार असतील, त्यांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. नऊवार लुगड्याच्या लांबीत चार घड्या घातल्या की सव्वादोन वार लांबीचे चार थर होतात, एका माणसाच्या गोधडीला तेवढे पुरतात. नवे कापड वापरायचे असेल तर आधी धुऊन घ्यावे, नाहीतर पुढे ते आटते आणि जुने ओढले जाते. थर अंथरल्यावर मधून बाहेर हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात आणि मोठे कच्चे टाके घालावेत. ते शेवटी उसवायचे. पक्क्या ओळी बोटभर अंतरावर असाव्यात. कडेला जुन्या लुगड्याचा काठ लावावा, झिजते ती कडच आधी.

नव्या कापडाची, नव्या कापसाची गोधडी असेल आणि पैसे असतील, तर मोठ्या यंत्रावर खुशाल द्यावी. त्यात कमीपणा नाही. विरलेल्या लुगड्याला मात्र हातच हवा. कापड कुठे दम धरील, कुठे नाही, हे बोटाला कळते आणि टाका तिथे हलका पडतो.

दहाव्या दिवशी चौकोन मध्यावर मिळाले. माझ्या बाजूचे टाके ठळक आणि वाकडे आले आहेत. आत्याबाई असत्या तर उसवायला लावले असते. मीही एक कोपरा उसवला, मग उजेड गेला आणि तो तसाच राहिला.

चैत्रात लेकीला मुलगी झाली. बारशाला पोर त्याच गोधडीवर निजली आणि तासाभरात ती ओली केली. मी लगेच धुतली आणि गच्चीत वाळत टाकली. सांजेला घडी घालताना सगळीकडून चाचपून पाहिले. एकही थर सरकला नव्हता.