मागून येणारा वारा

उघड्या टपाच्या गाडीत कधी न बसलेल्याला वाटतं की वारा समोरून लागत असेल. लागतो तो मागून. समोरची काच वाऱ्याला आपल्या डोक्यावरून पलीकडे धाडते, काचेच्या वरच्या कडेशी तो गाडीपासून सुटतो, आणि आपण बसलेलो असतो तिथला हवेचा दाब उतरतो. ती जागा भरायला डिकीवरची हवा उलटी फिरते आणि नेमकी मानेवर येऊन आदळते. नदीतल्या खडकाच्या मागच्या अंगाला पाणी उलटं वळतं, तशीच. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. म्हणून गावातून जाताना जी झुळूक वाटते, तीच महामार्गावर मान धरून ठेवते.

हे सगळं मला आईच्या पदराने समजावलं. ती उन्हाळ्यात आमच्याकडे स्टुटगार्टला आली होती. गाडी श्वेबिशे आल्बचा घाट चढून पठारावर आली, रस्ता मोकळा झाला, आणि खांद्याला पिन असूनही तिचा पदर मागे न फडफडता पुढे येऊन तिच्याच तोंडावर बसला. एका हाताने तिने पदर आवरला, दुसऱ्याने कानाचा रुमाल. दोन्ही बाजूंना गवत कापून वाळत घातलं होतं, त्याचा वास दरवळत होता, आणि ती त्याबद्दलच काहीतरी सांगत होती. ओठ हललेले दिसले, शब्द एकही पोचला नाही. वर्षातून एकदा येणारी आई शेजारी बसून बोलते आहे आणि मला ऐकू येत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. विंडशॉट घ्यायचा, हे त्याच वळणावर ठरलं. आसनांच्या मागे उभ्या राहणाऱ्या वाऱ्याच्या आडोशाला इथे विंडशॉट म्हणतात.

आमची गाडी मर्सिडीजची एसएल. इथले लोक तिला नुसतं १०७ म्हणतात. १९७१ ते १९८९ या काळात ती स्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात बनली. तिच्या घडणीत हा आडोसा नव्हता. तो आला पुढच्या एसएलबरोबर, जी १९८९ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडली गेली: चौकटीत ताणलेली काळी जाळी, इतकी साधी की ती आधी कुणाला सुचली कशी नाही, असं वाटावं. त्यानंतर याच कंपनीने २००४ मध्ये डोक्याच्या उशीतून मानेवर गरम हवा सोडली, आणि २०१० मध्ये समोरच्या काचेच्या वर उघडणारी एक पट्टी बसवली. ही बुद्धी मला मनापासून आवडते. तरी माझा जीव त्या जाळीवर आहे.

आपल्या जुन्या गाडीसाठी निवड करताना पहिली अट मी घातली ती भोक न पाडण्याची. इथे ३० वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीच्या नंबराशेवटी ‘एच’ हे अक्षर मिळतं. पण प्रश्न त्या अक्षराचा नाही. ज्या कुणी तो पत्रा ठोकला, रंगवला, त्याच्या कामात मी ड्रिल घालायचं नाही. स्क्रू मारून बसवायचा विंडशॉट मला फुकटही नको. चिमट्यांनी पकडणारा, चिमट्यांखाली रबर असलेला, हाताने निघणारा हवा.

दुसरा प्रश्न जाळी की पारदर्शक अ‍ॅक्रिलिक. अ‍ॅक्रिलिक दुकानात देखणं दिसतं. रात्री मात्र मागच्या गाडीचे दिवे त्यात उमटतात आणि आरशात एकाचे दोन दिसू लागतात. पुसता पुसता ओरखडेही पडतात. शिवाय ते वाऱ्याला सरळ अडवतं, आणि अडलेला वारा वरच्या कडेवरून पुन्हा भोवरा करतो. जाळी थोडा वारा आत येऊ देते, पण मोडून, मवाळ करून. वीण फार दाट नको, नाहीतर तिन्हीसांजेला आरसा काळवंडतो. विकत घेण्याआधी जाळी उजेडासमोर धरून पलीकडचं झाड बघावं. पानं वेगळी दिसली की वीण बरोबर.

उंचीचं म्हणाल तर डोक्याच्या उशीच्या वर ती जाऊ नये. उंच जाळी जास्त शांतता देते, हे खरं, पण मग बाजूने बघताना गाडीची ती लांब, सपाट रेषा मोडते. त्या रेषेसाठीच तर मी ही गाडी जिवापाड जपतो.

बसवल्यावर पारख करायला आईच्या विणकामातला लाल लोकरीचा धागा घेतला आणि चिकटपट्टीने आसनाच्या पाठीला वरच्या कडेशी लावला. विमानांची आणि गाड्यांची हवा तपासणारेही असेच धागे चिकटवतात. आधी जाळी काढून ताशी ८० ने गेलो, तर धागा ताठ होऊन समोरच्या काचेकडे बोट दाखवत राहिला. मग जाळी लावली. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला तो खाली लोंबला आणि मधूनच हलला, एवढंच. मी बायकोला हाक मारून तो दाखवला. हाक मारली म्हणजे नेहमीच्या आवाजात मारली.

मोटारींच्या अगदी सुरुवातीच्या काळात, १८८८ च्या ऑगस्टमध्ये, बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला मोटारीने गेली. त्या गाडीला ना टप, ना काच. वेग इतका कमी की वाऱ्याचा त्रास झालाच नसेल. मायलेकांना वाटेत एकमेकांशी बोलता आलं असेल, याचा मला हेवा वाटतो.

पुढच्या उन्हाळ्यात आई आली तेव्हा तिला त्याच पठारावर नेलं. बाजूच्या काचा मी आधीच वर घेतल्या होत्या. जाळी होती, रुमाल होता. पदर मांडीवर गप्प होता. ती थोडा वेळ बसली, मग रुमाल सोडून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, “अरे, एवढं कोंडून कशाला ठेवलंस? माझ्याकडची काच तरी खाली कर.”

केली. आणि मग घाट उतरेपर्यंत ती माहेरच्या गवताच्या गंजीबद्दल सांगत होती, ती कुणी रचायची, पाऊस आला तर कुणी धावायचं, सगळं.