मळणी

संगीतातले मला फारसे कळत नाही, हे आधीच कबूल करून टाकलेले बरे. भजनात टाळ माझ्या हाती आले, की मृदंगवाला माझ्याकडे पाठ करून बसतो. 'अल्बम' म्हणजे लग्नाच्या फोटोंचा, अशी माझी गेल्या माघापर्यंत प्रामाणिक समजूत होती.

माघात पुतण्या पुण्याहून नांदूरघाटला आला. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर दात विचकणारी कवटी. सौ.ने तो धुतला आणि उलटा करून वाळत घातला; कारण समोरच शेजाऱ्यांचे तुळशीवृंदावन.

"काका, तुम्हाला एक अल्बम ऐकवतो. थ्रॅश मेटल."

"थ्रेशर?"

"थ्रेशर नाही हो, थ्रॅश!"

निवृत्त झालो तरी मास्तरच मी. शब्दकोश काढला, तर दोन्ही शब्द मुळात एकच निघाले. झोडपणे, मळणे! केज तालुक्यातल्या माणसाला एवढे कळायला शब्दकोशाची गरज नव्हती.

पुतण्याने डब्याएवढा स्पीकर कोठीवर ठेवला आणि बटण दाबले. पुढे काय झाले ते शब्दांत सांगणे अवघड. पत्र्यावर गारा, मागे बिघडलेले इंजिन, आणि त्यात कुणीतरी विहिरीत पडून मदतीला बोलावतो आहे, असे काहीसे. सौ. म्हणाली, "अहो, त्या गाणाऱ्याला कुठं दुखतंय का, विचारा तरी."

पाच मिनिटांत शेजारी दारात हजर. "गुरुजी, मशीन कुणाचं आणलं? माझी बी चार पोती तूर व्हईल. पोत्यामागं काय घेतो?"

त्याची कशीबशी समजूत घातली. मग पुतण्याने मला इतिहास शिकवायला घेतला. हा प्रकार अमेरिकेत १९८०च्या सुमारास सुरू झाला. मेटॅलिका या मंडळींचा पहिला अल्बम कोणी काढायला तयार होईना. तेव्हा न्यू जर्सीच्या जुन्या बाजारात रेकॉर्डी विकणाऱ्या जॉन झझुला नावाच्या दुकानदाराने बायकोच्या साथीने स्वतःच कंपनी काढली आणि १९८३ साली तो बाहेर आणला. बाजारात बसणाऱ्याची पारख पक्की असते, हे मला आमच्या आठवडी बाजारामुळे ठाऊकच होते. दुसरी मंडळी स्लेअर. त्यांच्या १९८६च्या 'रेन इन ब्लड'मध्ये १० गाणी अवघ्या २९ मिनिटांत संपतात. कॅसेटच्या एकाच बाजूवर सगळी मावली, म्हणून दुसऱ्या बाजूवर तीच पुन्हा भरली! आमच्याकडे तेवढ्या वेळात व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावेसुद्धा घेऊन होत नाहीत.

कोठीवर जो वाजत होता, तो मात्र मुंबईच्या बँडचा. नाव सेप्टर, म्हणजे राजदंड. स्थापना १९९८ची आणि पहिला पूर्ण लांबीचा अल्बम, 'एज ऑफ कॅलॅमिटी', २०१३चा.

"पंधरा वर्षं? तेवढ्यात तर आमच्याकडे पूलसुद्धा होतो," मी म्हणालो. "कधी कधी."

ड्रम वाजवणारे अनिकेत वाघमोडे, असे कळताच सौ. सावरून बसली. "कुठले वाघमोडे?" पुतण्याला गाव सांगता येईना. माणसाचे गाव माहीत नसताना त्याचे वाजवणे चांगले कसे म्हणावे, असा प्रश्न तिच्यापुढे पडला.

असला अल्बम तयार कसा होतो, तेही ऐकले. बहुधा आधी एकटे ड्रम भरतात. दोन्ही पायांनी दोन पायट्या दाबून ढोल इतका जलद वाजवायचा, की आपली हलगी पहिल्या दमात असतानाच त्यांची समाप्ती. मग गिटार. तारांवर तळहात दाबून तीच चाल दोनदा वाजवायची, एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. शेवटी गाणारा येतो. म्हणजे पंगत एकच, पण जेवणारे एकेक करून येऊन गेलेले!

हे चालू असताना आत्या काठी टेकत आली आणि स्पीकरशेजारी बसली. तिला ऐकू कमी येते, त्यामुळे सगळ्या घरात ते संगीत योग्य आवाजात ऐकणारी ती एकटीच. बराच वेळ ऐकून तिने विचारले, "कामून वरडतोय त्यो एवढा?"

पुतण्या तिच्या कानाशी वाकला. "आज्जी, बायकांवर अन्याय होतो ना, त्याच्यावर आहे हा सगळा अल्बम."

आत्याने मान हलवली. "मग हळूच म्हनतोय की."

मी हसणार होतो, पण राहिलो. तिसरीही मुलगीच झाली, तेव्हा आत्याला सासरच्यांनी आमच्या दारात आणून सोडले होते. माझे वडील त्यांना चहा पाजून, पानसुपारी देऊन परत पाठवते झाले. आवाज कुणीच चढवला नाही. आमचे घराणे सभ्य, असे गावात आजही म्हणतात.

मीही त्याच घराण्यातला. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या, राज्यात सगळ्यांत कमी. हजेरी घेताना मुलींची नावे लवकर संपतात, हे मला त्याआधीच दिसत होते. दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला मी तासभर बोलायचो. पण इतके गोड बोलायचो, की ज्यांना लागायला हवे होते, तेच पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे. नंतर आम्ही सगळे मिळून चहा घेत असू.

"बंद करू का, आज्जी?" पुतण्याने विचारले.

"राहू दे," आत्या म्हणाली. "अजून जरा मोठा कर."

दुसऱ्या दिवशी पुतण्या पुण्याला गेला. संध्याकाळी शेजारी पुन्हा आला.

"गुरुजी, मशीन गेलं जनू?"

"गेलं."

"काई निघालं का दानं, का नुसतंच भुसकट?"

ओट्यावर आत्या बसली होती. मी म्हटले, "निघालं की!" आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटले.