अब्दुल हमीद यांची जीप

आम्ही संभाजीनगरची तिघे भावंडे रेझिनची छोटी लष्करी वाहने रंगवतो. यंदा हवालदार अब्दुल हमीद यांची जीप घेतली. सुटे भाग साबणाने धुऊन साच्याचा तेलकटपणा काढला, प्रायमर मारला, त्यावर लष्करी हिरवा रंग दिला. पातळ तपकिरी रंग सांध्यांत सोडला, कोरड्या ब्रशने कडा उजळल्या. पण चिखल लावायला दादा तयार होईना. परमवीर चक्र मिळालेल्या शहिदाची गाडी मळकी कशाला?

अब्बा म्हणाले, "सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळची शेते पाण्याने भरली होती. पॅटन रणगाडे त्यात रुतले. हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिलिमीटर तोफेने रणगाडे टिपले. चिखल नसेल, तर ही जीप लढली कुठे?"

चाकांना मातकट भुकटी दादानेच लावली.