सुटं झाड

सैरंध्रीत पहिल्या दिवशी मी 240 फोटो काढले आणि संध्याकाळी मुक्कालीच्या खोलीवर बसून त्यातले जवळपास सगळे पुसून टाकले. वीस-बावीस वर्षं वर्तमानपत्रासाठी फोटो काढतोय; इतका वाया गेलेला दिवस उमेदवारीच्या काळातही आला नव्हता.

मी सोलापूरचा. आमच्याकडे झाड म्हणजे बांधावरची एखादी बाभूळ नाहीतर लिंब. त्याच्या मागं आभाळ असतं, खाली सावली असते आणि ते कुठं सुरू होतं नि कुठं संपतं, हे लहान पोरही सांगेल. उजेड इतका की बारा ते चार कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

सायलेंट व्हॅलीचं हे जंगल केरळात, पालक्काड जिल्ह्यात. मुक्कालीपासून सुमारे 23 किलोमीटर जीपनं गेलं की सैरंध्री येतं. अज्ञातवासात द्रौपदीनं घेतलेलं नाव, आणि खालून वाहणारी नदी कुंतीपुळा. 1970च्या दशकात या नदीवर विजेसाठी धरण बांधायचं ठरत होतं. शास्त्र साहित्य परिषदेचे कार्यकर्ते, शास्त्रज्ञ आणि कवी विरोधात उभे राहिले. सुगतकुमारींची ‘मरत्तिनु स्तुति’, म्हणजे झाडाची स्तुती, ही कविता त्या चळवळीचं गाणंच झाली. धरण रद्द झालं, 1984 साली हे राष्ट्रीय उद्यान झालं. इथल्या शेपटीला गोंडा असलेल्या काळ्या वानराला, सिंहवालनला, चळवळीत प्रतीकाचं स्थान मिळालं.

मला ते प्रतीकच हवं होतं. एक विशाल वृक्ष, त्यावर एक वानर, मागं धुकं. फोटो सोलापुरातच काढून झाला होता म्हणा ना. इथं फक्त बटण दाबायचं होतं.

जीपमधून उतरून झाडीत शिरलो आणि पहिली दहा मिनिटं भिंगावरचं बाष्प पुसण्यातच गेली. सकाळचे दहा वाजलेले, पण प्रकाश घरातल्या माजघरासारखा. आयएसओ 3200 ठेवूनही शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर येत होतं. पानांच्या फटीतून दिसणारं आभाळ फोटोत पांढरंफेक जळून जायचं, आणि त्याला सांभाळलं की खालचं सगळं डांबर. ओल्या पानांची चकाकी मारायला पोलरायझर लावला, तर होता तो प्रकाशही निम्मा झाला. फोकस सारखा पुढं-मागं धावत होता, कारण कशावर थांबावं हे कॅमेऱ्यालाही कळत नव्हतं. मधूनमधून पायावरच्या जळवा काढत होतोच. मीठ सोबत घ्या असं कुणी सांगितलं नव्हतं.

पण खरी अडचण प्रकाशाची नव्हती. तिपाईनं ती भागते. सुटं झाडच सापडत नव्हतं. खोडावर शेवाळ, शेवाळात नेचे, नेच्यांवरून वेल, वेल वर जाऊन दुसऱ्याच झाडाच्या फांदीला. फोटो काढणं म्हणजे नको ते बाहेर ठेवणं, हे माझ्या हाताला शिकवलेलं. इथं बाहेर काय ठेवायचं?

या सवयीची एक जुनी गोष्ट आहे. 2013च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातल्या एका गावात टँकर विहिरीत रिकामा होत होता आणि बायका कठड्यावर उभ्या राहून पाणी शेंदत होत्या. मी पलीकडून लांब भिंगानं एकीला टिपलं. रिकामा पोहरा, ताणलेला दोर, तिचा चेहरा. फोटो गाजला. पुण्या-मुंबईकडच्या कुणीतरी तो पाहून तिच्या दारात पाण्याची टाकी पाठवली. एकच टाकी. वर्षभरानं त्या गावात पुन्हा गेलो, तेव्हा ती म्हणाली, “दादा, गावात म्या एकटीच हुते व्हय? समद्याजणी कुठं घालवल्या तुमी?” टाकी आल्यापासून गल्लीतल्या बायका तिच्याशी बोलत नव्हत्या. मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, आणि आठवत नाही हे बरंच आहे.

दुसऱ्या दिवशी तोच वाटाड्या बरोबर होता. पन्नाशीचा, अट्टप्पाडीतल्या आदिवासी वस्तीतला. मी त्याला चेट्टा म्हणायचो, तो मला सार. त्याचं मल्याळम, माझं सोलापुरी कानडी. दहातला एखादा शब्द जुळायचा. माझं मर, त्याचं मरम. माझं बेरु, त्याचं वेरु. बळ्ळि आणि वळ्ळि तर सख्ख्या बहिणी, आणि मराठीतली वल्लीही त्यांच्यातच बसेल. पुसण्यातून चुकून राहिलेला आदल्या दिवशीचा एक फोटो त्यानं कॅमेऱ्यावर पाहिला. मला त्यात नुसता हिरवा गोंधळ दिसत होता. तो बोट ठेवून वाचायला लागला. हे मरम, हे दुसरं मरम. हे वेरु या मरमचं नाही, त्या मरमचं. मग खालच्या कोपऱ्यात एका तपकिरी ठिपक्यावर थांबला. “वेडिप्लाव,” म्हणाला. प्लाव म्हणजे फणस. हे त्याच्यासारखं दिसणारं, पण लहान आणि काटेरी फळ. त्याची ती फोडलेली साल होती. मग तोंडाशी हात नेऊन खाल्ल्याची खूण करून वर बोट दाखवलं: “सिंहवालन.” वानर काही वेळापूर्वी माझ्या डोक्यावर जेवून गेलं होतं.

त्या दिवशी मी दिवसभरात नऊ फोटो काढले. रुंद भिंग, तिपाई, छिद्र लहान, दोन-दोन सेकंदांचं शटर. पुढचं पान आणि मागचं खोड दोन्ही स्पष्ट यावं एवढंच बघायचं. वारा सुटला की थांबायचं, पडला की घ्यायचा. चेट्टाला कंटाळा आला असणार, तो एका मुळावर बसून राहिला. वानर दिसलं नाही. संपादकांना त्यातला एकही पसंत पडला नाही. नक्की बघायचं कशाकडे, असं त्यांनी विचारलं. त्यांचंही चूक नाही, पानावर तीन स्तंभांचीच जागा असते.

सोलापूरला परतल्यावर जुनी हार्डडिस्क काढून विहिरीचा तो फोटो उघडला. छापला होता तो कापलेला. मूळ फाइलमध्ये बाकीच्या बायका असतील, पूर्ण फोटो छापून गावात नेऊन देऊ, असं मनात होतं. होत्याही. पण अपर्चर पूर्ण उघडं ठेवलेलं, त्यामुळं तिच्या मागं नुसते रंगांचे डाग. कापलेलं परत जोडता येतं. फोकसच नव्हता, त्याला काय करणार? तरी पडद्यावर मोठं करून डाग मोजायला लागलो. सतरा लुगडी लागली. पुढं एक हिरवा डाग होता. ती बाई होती की पलीकडची बाभूळ, ते ठरवता येईना.