भाऊ, सिल्व्हरलाइट टाकून द्या ना!

ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिल्व्हरलाइटची दुसरी आवृत्ती आणली आणि वर्ध्यातल्या आम्हा कॉम्प्युटरवेड्या पोरांची दिवाळी दोन आठवडे आधीच सुरू झाली. पहिल्या आवृत्तीत जावास्क्रिप्टवर भागवावं लागे. आता कॉलेजात शिकलेलं सी-शार्प थेट ब्राउझरमध्ये चालणार होतं. त्यातलं डीप झूम तर अजून डोळ्यांपुढे आहे. माउसचं चाक फिरवत प्रचंड मोठ्या फोटोच्या आत आत शिरायचं, आणि पान एकदाही नव्याने लोड होत नसे! तोवर वेबसाइट म्हणजे क्लिक करा आणि पांढऱ्या पडद्याकडे बघत बसा.

हे बघायला आधी ब्राउझरमध्ये सिल्व्हरलाइटचा प्लग-इन हवा. घरी कॉम्प्युटर असणारे थोडेच, म्हणून बजाज चौकातलं नेट कॅफे गाठायचं. डाउनलोड जेमतेम पाच एमबीचं, पण त्या लाइनवर तेवढ्यालाही धीर लागे. कॅफेच्या मशीनवर डीप फ्रीझ बसवलेलं. रीस्टार्ट झालं की नवं टाकलेलं सगळं पुसलं जाई. त्यात भारनियमनाचे दिवस. लाइट गेली की सिल्व्हरलाइटही गेलं. लाइट आली की पुन्हा, ‘भाऊ, सिल्व्हरलाइट टाकून द्या ना!’ कॅफेवाले भाऊ टाकून देत आणि तेवढ्या वेळाचे पैसे लावत नसत.

आज सेवाग्रामच्या ऑटोत बसलेली मुलगी मोबाइलवर नकाशा दोन बोटांनी मोठा करते, व्हिडिओ बघते, परीक्षेचा फॉर्म भरते. काही टाकून द्या म्हणून कुणाची विनवणी नाही. २०१४ मध्ये एचटीएमएल५ हे अधिकृत मानक ठरलं, २०१५ मध्ये क्रोमने जुन्या पद्धतीचे प्लग-इन बंद केले आणि १२ ऑक्टोबर २०२१ रोजी सिल्व्हरलाइटचा आधार संपला. सी-शार्प मात्र ब्लेझरच्या रूपाने ब्राउझरमध्ये परतलं आहे, तेही प्लग-इनशिवाय.

झालं ते योग्यच झालं. सगळ्यांचं वेब एका कंपनीच्या मर्जीवर उभं राहू नये. सिल्व्हरलाइटचा थोरला प्रतिस्पर्धी म्हणजे अडोबीचा फ्लॅश. त्याच्या सुरक्षेतल्या त्रुटी तर कधी संपल्याच नाहीत.

तरी फ्लॅशसाठी जीव हळहळतो, तो आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमुळे. तिथले गुरुजी आणि मॅडम पाढ्यांचे खेळ, ‘जोड्या लावा’, बोलणारी बाराखडी असं काय काय फ्लॅशमध्ये बनवत. त्या एसडब्ल्यूएफ फाइली पेन ड्राइव्हवरून या शाळेतून त्या शाळेत फिरत. १९३७ च्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हाताने करत शिकण्याचा विचार मांडला, तो याच वर्ध्यात. इथल्या शिक्षकांनी आपली साधनं आपल्या हाताने घडवावीत, याचं मला फार अप्रूप होतं. आज तयार व्हिडिओ हवे तेवढे मिळतात. आपल्याच गुरुजींच्या आवाजातली बाराखडी त्यांत मिळत नाही.

३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅशचा आधार थांबवला, आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअर या फाइली उघडेनासा झाला. पण त्या मेलेल्या नाहीत. रफल नावाचं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर त्यांतल्या बऱ्याचशा आजही चालवतं; इंटरनेट आर्काइव्हनेही २०२० च्या नोव्हेंबरात त्याच्याच आधाराने जुने फ्लॅश खेळ जपायला घेतले.

तेव्हा आर्वी, हिंगणघाट, देवळीकडच्या शिक्षकांनो, शाळेच्या कपाटात अशा फाइलींच्या जुन्या सीडी असतील तर त्या भंगारात देऊ नका. सीडी कायम टिकत नाहीत. आधी फाइली कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग रफलमध्ये उघडून बघा आणि चालतील त्या मुलांना खेळायला द्या.